सुजाताचे उपास आणि माझा नकार

मार्च लागला की मला पहाटे आपोआप जाग येते. गजर नाही, कुणी हाक मारत नाही. काळोखातच डोळे उघडतात आणि हात तांदळाच्या डब्याकडे जातो. मग आठवतं की पेज आता कुणासाठी करायची नाही. मी परत आडवी होते. पण झोप गेली ती गेलीच.

नाहूरचा मार्च कोरडा असतो. दुपारी खाडीकडून वारा येतो, त्याला मिठागरांचा खारट वास असतो आणि गारवा अजिबात नसतो. वरच्या मजल्यावरचा मुलगा दहावीचा इतिहास मोठमोठ्याने पाठ करतो आणि त्याची आई मध्येच ओरडते, "पंखा वाढवून काय होणार? आधी सन तरी बरोबर सांग!" यंदा मुसलमानांचे रोजेही याच दिवसांत आलेत. परवा संध्याकाळी घाटकोपरला गेले होते. फळांच्या गाड्यांपुढे माणसं पिशव्या धरून उभी होती. समोर कापलेली पपई, पण तोंडात कुणी टाकत नव्हतं. उपाशी माणूस मला लांबून ओळखू येतो. ओठांच्या कडा पांढऱ्या होतात आणि तो उगीचच हळू बोलतो. आयुष्यभर मी लोकांच्या जेवणाचे डबे केले. भरल्या पोटाची तोंडं कशी असतात आणि रिकाम्या पोटाची कशी, ते मला पाठ आहे.

आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, दुपारी वऱ्याचे तांदूळ, संध्याकाळी रताळ्याच्या फोडी. एरवी खातो त्याच्या दुप्पट. देवाला काय पोचतं देव जाणे, पोटाला तरी भरपूर पोचतं. बहाई लोकांचे उपास तसले नसतात. सूर्य उगवल्यापासून बुडेपर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. मार्चमधले एकोणीस दिवस असे काढायचे. शेवटच्या दिवशी सूर्य बुडाला की त्यांचं नवं वर्ष लागतं, त्याला नवरोज म्हणतात. हे सगळं मी आज सांगतेय. त्या वर्षी मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि जे सांगितलं गेलं त्यावर माझा विश्वास बसला नाही.

सुजाता माझी एकुलती एक मुलगी. मी चौथीपर्यंत शिकले, तिला बी.कॉम. केलं. मुलुंडला एका ऑफिसात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर पोळ्या लाटायची. कुसुमताई नावाच्या एक रिटायर्ड नर्स मुलुंडहून दर रविवारी आमच्या इमारतीखाली यायच्या. लहान मुलांना गोळा करून गाणी शिकवायच्या, खरं बोला, भांडू नका असं सांगायच्या. सुजाता त्यांच्या मदतीला जायला लागली. एका मे महिन्यात घरी येऊन म्हणाली, "आई, मी बहाई झाले."

मी विचारलं, "मग देवघरातल्या देवांचं काय?"

"ते आहेत तिथेच राहतील. त्यांना कोण हलवतंय?"

"मासे?"

"खाणार."

"मग बदललं काय?"

"ते हळूहळू कळेल तुला."

मी म्हटलं, कळेल तेव्हा कळेल, तू पोळ्या लाटायला वेळेवर ये म्हणजे झालं. त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही.

पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटाला तिने दीपकला घरी आणलं. उपासांच्या आधी या लोकांचे चारपाच दिवस मजेचे असतात, अय्याम-ए-हा म्हणतात त्यांना. एकमेकांकडे जायचं, जेवायला घालायचं, भेटी द्यायच्या, आजाऱ्याची विचारपूस करायची. शिमग्याआधीचा शिमगाच, फक्त शिव्या नाहीत. तेव्हा घरी कुणीतरी पाहुणा येणार एवढं मला माहीत होतं. आला तो काळासावळा, उंच, इंदूरकडच्या खेड्यातला मुलगा. एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचा. हातात शेवेचा पुडा. खुर्चीच्या अगदी टोकावर बसला. मी चहा दिला आणि विचारलं, "साखर जास्त झाली का?"

"नहीं आंटी, एकदम बढ़िया है."

चहात मी साखर घातलीच नव्हती. विसरले होते. तिथेच तो माझ्या मनातून उतरला.

तो गेल्यावर सुजाताने सांगितलं. दोघांनी एकमेकांना पसंत केलंय. पण तोही बहाई, आणि त्यांच्या धर्मात एक अट आहे. मुलामुलीने पसंत करून भागत नाही. दोघांचे जेवढे आईबाप जिवंत आहेत, त्या प्रत्येकाने आपल्या खुशीने हो म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही.

"प्रत्येकाने म्हणजे?" मी विचारलं.

"बाबांनी पण."

तिचा बाप मिल बंद पडल्यावर "गावी जाऊन बघतो काहीतरी" म्हणून गेला आणि तिकडे दुसरं घर करून बसला. तेव्हा सुजाता बालवाडीत होती. त्यानंतर तिची फी, तिचा टायफॉइड, तिची दहावी, यातल्या कशातही तो नव्हता. आणि लग्नाला मात्र त्याचा हो पाहिजे, माझ्या बरोबरीने.

"त्याला विचारलंस?"

"फोन केला होता."

"काय म्हणाला?"

"हो म्हणाले. तुला आवडलाय ना, मग झालं, म्हणाले."

"मुलगा कोण, कुठला, काय करतो, काही विचारलं त्याने?"

"नाही. मुंबईत पाऊस आहे काय, असं विचारलं."

फेब्रुवारी महिना होता. मी कणीक मळत होते, ती तशीच ठेवली आणि म्हटलं, "माझं नाही."

कारणं सांगायची म्हणून सांगितली. मुलगा परप्रांतातला, जात वेगळी, खोटं खोटं गोड बोलतो, घरी कोण आहे माहीत नाही. सगळी खरीच होती. पण त्या माणसाने पावसाची चौकशी करता करता हो म्हणून टाकलं आणि माझाही हो त्याच तागडीत पडणार, हे मला सहन होईना. सुजाता म्हणाली, "आई, त्यांनी मला जन्म दिला म्हणून विचारायचं. त्यांनी पुढे काय केलं, काय नाही, हे त्यात धरत नाहीत."

"मग कोर्टात जा. मोठी आहेस तू."

"कोर्टात जायचं नाही."

"पळून जा त्याच्याबरोबर. काय करणार आहे मी?"

"तू नाही म्हणालीस म्हणजे नाही होणार. मी पुन्हा विचारणार नाही."

असं म्हणून ती भांडी घासायला गेली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि दोनचार दिवसांतच तिने पाणी सोडलं.

पहाटे अंधारात उठून काहीतरी खाते, आणि उजाडल्यावर संध्याकाळपर्यंत तोंडात थेंब नाही. मी विचारलं, हे काय? म्हणाली, आमचे उपास आहेत, दर वर्षी असतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. होळी होती, संकष्टी होती, बँकेच्या सुट्ट्या होत्या, बहाईंचे उपास कुठे नव्हते. मागच्या मार्चमध्ये ती बहाई नव्हती, त्यामुळे मागचं काही आठवायला नव्हतं. मी चार दिवसांपूर्वी नाही म्हणते आणि लगेच दर वर्षीचे उपास येतात, हे पटायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? या महाराष्ट्रात माणूस अन्नपाणी कधी सोडतो, ते शाळेत न जाताही कळतं. समोरच्याला वाकवायचं असतं तेव्हा सोडतो.

शेजारच्या सावंतीणीलाही तेच वाटलं. ती दारातून आत डोकावून म्हणाली, "काय गो, चेडवान उपोषण धरल्यान म्हणतत?"

"धरूंदे," मी म्हटलं.

"सुकान गेलां गो. हो म्हणान टाक एकदाचा."

"मी कोणाच्या उपोषणाला भीक घालत नाही."

"तुझो पण हट्ट आणि तिचो पण. एका खाणीचे दगड," असं म्हणून ती गेली आणि तासाभरात ते सगळ्या मजल्यांवर झालं. जिन्यात बायका मला बघून बोलायच्या थांबत. वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याने तर मला सांगितलं की मागण्या काय आहेत ते एकदा लिहून घ्या.

पहाटे मात्र मी उठायची. ती बापडी पोह्यावर भागवायची, दिवसभर ते टिकणार कसे? मी उकडे तांदूळ शिजवून पेज करायची, वर मीठ आणि तुपाची धार. बाजूला चुलीत भाजल्यासारखा गॅसवर भाजलेला सुका बांगडा. ताट पुढे सरकवायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. तीही खाली बघून खायची, मग दोन तांबे पाणी प्यायची. खिडकीबाहेर आभाळ राखाडी झालं की ताट बाजूला करायची, हातपाय धुऊन कोपऱ्यात बसून प्रार्थना म्हणायची. मी गॅसवर दुधाचं पातेलं ठेवायची. दोघींमध्ये फक्त त्या गॅसचा आवाज.

दिवस असे लांबले की संपता संपेनात. एका रविवारी मी मुद्दाम तिच्यासमोर सुरमई तळली. उपोषण मोडायचे असेच उपाय असतात. मसाला जरा जास्तच लावला, खमंग वास सगळ्या घरात भरला. ती लाटणं बाजूला ठेवून उठली. मला वाटलं, आता. तिने उलथनं घेतलं आणि तुकडी उलटली. म्हणाली, "आई, लक्ष कुठे आहे? करपतेय."

होळीच्या दिवशी पुरण तिनेच वाटलं. गूळ बरोबर पडलाय का हे चाखायला घरात मी एकटीच. एरवी वाटताना अर्धं पुरण तिच्या पोटात जायचं.

दुसऱ्या आठवड्यात उन्हं भयंकर तापली. दोन्ही शेगड्या चालू, डब्यांची घाई. ती लाटता लाटता एकदम खाली बसली. पाठ कपाटाला टेकली, चेहरा पिठासारखा. मी पाण्याचा पेला घेतला आणि तिच्या ओठांना लावला. तिने मान वळवली.

"पी."

"आई, थांब गं. पाय भरून आलेत नुसते."

"पी म्हणते ना. तुला काही झालं तर लोक मला फाडून खातील."

"म्हणजे तुला लोकांची काळजी आहे?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती म्हणाली, "आजारी असले तर सोडायचाच असतो उपास, तसा नियम आहे. मी आजारी नाहीये." आणि भिंतीला धरून उठली. पेला माझ्या हातात राहिला. तो मी कुंडीत ओतला. मला तिचा इतका राग आला होता की त्या दिवसाच्या पोळ्या सगळ्या कडक झाल्या. गिऱ्हाइकांनी तक्रार केली.

आजसुद्धा अशी तापलेली दुपार आली की मी पाण्याचा माठ उगीच उघडून बघते. कुसुमताई सांगतात, सत्तरी झाली की उपास माफ असतात. मला कोण धरायला सांगतंय? पण त्या मार्चनंतर एक झालं. पाणी पिताना मला ते घशातून उतरलेलं कळतं. आधी कळत नव्हतं.

शेवटच्या दिवशी सुजाता सकाळी म्हणाली, "आज संध्याकाळी कुसुमताईंकडे सगळे जमणार आहेत. उपास संपतात आज." मी मनात म्हटलं, म्हणजे आज काय तो निकाल. सगळ्यांसमोर मला कोंडीत धरायचं ठरलेलं दिसतंय. तर मग मीच जाते. मी साडी बदलली, केस विंचरले आणि तिच्या मागोमाग रिक्षात बसले. ती चकित झाली.

कुसुमताईंचं घर दोन खोल्यांचं. पंचवीसतीस माणसं सतरंजीवर बसली होती. मधे फुलं, दिवे, झाकलेली पातेली. खिडकीतून पश्चिमेचं ऊन भिंतीवर पडलं होतं आणि सगळे त्या उन्हाकडे बघत होते. दीपक एका कोपऱ्यात होता, मला बघून उभा राहिला. मी बसले नाही. चप्पल काढून दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "मी सुजाताची आई. एक सांगायला आलेय. उपाशी राहून मला कुणी वाकवू शकत नाही. त्या मुलाला माझं नाही होतं आणि आजही नाहीच आहे. आता हिला पाणी पाजा आणि हे उपोषण बंद करा."

सुजाताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग कुसुमताई हळूच म्हणाल्या, "ताई, इथे सगळ्यांचाच उपास आहे."

"सगळ्यांचा?"

"हो. त्याच दिवसापासून. माझा पण."

मी बघितलं. त्यांच्या ओठांच्या कडा पांढऱ्या होत्या. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीच्या पण. दीपकच्या पण. खोलीत आल्या आल्या दिसायला हवं होतं मला, माझं आयुष्य त्यात गेलंय. पण मी भांडायला आले होते, बघायला नव्हे.

बोरिवलीहून आलेले एक जाडे गृहस्थ म्हणाले, "ताई, मग मी कुणाच्या विरोधात बसलोय? बायकोच्या?"

त्यांची बायको म्हणाली, "बसून तर बघा."

सगळे हसले. मी हसले नाही. माझे कान तापले होते.

कुसुमताईंनी मला हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, "तुमचं नाही आम्ही ऐकलं. ते तुमचं आहे, त्यावर इथे कुणी आग्रह करणार नाही. आता जेवल्याशिवाय जाऊ नका." भिंतीवरचं ऊन वर वर सरकत गेलं आणि पुसलं गेलं. कुणीतरी प्रार्थना म्हटली. मग पेल्यांचा आवाज झाला. सुजाता पाणी प्यायली, खजूर खाल्ला, त्या बोरिवलीच्या बाईशी हसली. तोंडात घास, डोळे चमकत होते. मी वाट बघत होते, ती माझ्याकडे कधी बघते आणि कधी विचारते. तिने बघितलं आणि विचारलं, "आई, पुलाव वाढू?"

एवढंच. उपास संपले होते. माझ्याकडून काहीही न मिळता संपले होते.

परत येताना रिक्षात मात्र ती भडकली. "इतके दिवस तू हे मनात धरून बसलीस? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला!"

"मी नाही म्हटल्यावर लगेच आले ते उपास. मला काय स्वप्न पडतं?"

"सगळ्या जगात लोक धरतात, आई. तुझ्यासाठी सगळं जग उपाशी राहिलं?"

रिक्षावाला आरशातून बघत होता.

जरा वेळाने ती म्हणाली, "आणि उपोषणाला बसलेल्या माणसाला रोज पहाटे उठून पेज कोण खाऊ घालतं गं?"

"टिकायला पाहिजे ना," मी म्हटलं. तिने तोंड बाहेर वळवलं. खांदे हलत होते. हसत होती का रडत होती, मी बघितलं नाही.

त्यानंतरचे दिवस उपासांपेक्षा कठीण गेले. ती विचारत नव्हती. पाडव्याला गुढी बांधायला ती स्टुलावर चढली, मी काठी धरली. कडुलिंबाचा पाला दोघींनी खाल्ला. तोंडं कडू झाली आणि बोलायची गरज पडली नाही. भाजीवाला म्हणतो, आजी पावशेर जास्त घ्या. आपण नाही म्हणतो, तो पुढे जातो, विषय संपतो. समोर मागणारा असतो म्हणून नाही म्हणणं सोपं असतं. इथे कुणी मागतच नव्हतं. माझा नकार हातात धरून मी घरभर फिरत होते आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. तिच्या बापाने न बघता हो म्हटलं होतं. मी न बघता नाही म्हटलं होतं. हा विचार मला एकदा पोळी भाजताना आला. आवडला नाही, पण आला तो परत गेला नाही.

मग मी दीपकला बोलावून घेतलं. सुजाता ऑफिसात असताना, भर दुपारी. तो घामाघूम होऊन आला. मी पान वाढलं. बांगड्याची आमटी बघून तो म्हणाला, "आंटी, मैं मछली नहीं खाता. बास भी नहीं सही जाती."

मी ताट बदलून वरणभात वाढला. या वेळी निदान खरं बोलला. जेवताना विचारलं, "मी नाहीच म्हटलं तर?"

"तो शादी नहीं होगी."

"मग काय करशील?"

"काम पे जाऊँगा. बुरा लगेगा."

"माझा राग येईल?"

तो घास घेता घेता थांबला. ताटाकडे बघत म्हणाला, "आएगा. अभी भी आता है."

मी त्याला आणखी भात वाढला.

एप्रिलमध्ये त्यांचा रिझवान आला. बारा दिवसांचा सण, त्यांचा सगळ्यात मोठा. त्यांच्यात भटजी नाही, मौलवी नाही. कारभार बघायला ते आपल्यातलीच नऊ माणसं दर वर्षी निवडतात, आणि ती निवडतात याच सणाच्या पहिल्या दिवशी. त्या दिवसाच्या जेवणाची ऑर्डर कुसुमताईंनी मला दिली होती. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघितलं. आधी प्रार्थना झाली. मग प्रत्येकाने कागदावर नावं लिहिली. कुणी उभं राहिलेलं नाही, कुणी कुणाचं नाव सुचवलं नाही. आमच्या वॉर्डात निवडणूक आली की साड्या येतात, कुकर येतात, हात जोडून माणसं दारात उभी राहतात. इथे एखाद्याने मत मागितलं तर उलट तोच नकोसा होतो, असं म्हणतात. सुजाता कागदावर हात आडवा धरून लिहीत होती. न मागण्याची सवय हिला इथून लागली, हे मला तेव्हा कळलं.

मतं मोजून झाली, पानं मांडली. मी पदराला हात पुसून बाहेर आले. भरल्या घरात नाही म्हटलं होतं, तर हो सुद्धा भरल्या घरातच म्हणायचा, हे मी ठरवलं होतं. फोनवर पुटपुटलेला हो मला मान्य नाही.

"मी सुजाताची आई," मी म्हटलं. बोरिवलीचे ते गृहस्थ पटकन सरळ बसले. "त्या दिवशी मी नाही म्हटलं होतं. नंतर मुलगा बघितला, चार प्रश्न विचारले. आता माझं हो आहे. मला कुणी सांगितलेलं नाही."

सुजाता उठून माझ्याजवळ आली. माझा हात धरला, घट्ट. आणि कानाशी म्हणाली, "आई, दीपकच्या आईचं अजून बाकी आहे."

"म्हणजे?"

"त्यांनी हो म्हटलेलं नाही. त्या दिवशी तू सगळ्यांसमोर बोललीस ना, ते त्यांना कळलं. म्हणतात, भरल्या घरात माझ्या मुलाला नाही म्हणणारी बाई कोण, ते मला बघायचंय."

"माझ्या मुलीत काय खोट आहे?" मी म्हटलं. जरा मोठ्यानेच निघालं.

"आग्रह करायचा नाही हं, आई. चालत नाही."

"मी कुठे आग्रह करतेय? तिला बघायचंय ना मला? बघू दे."

दीपकचे वडील वारले होते. त्याची आई गंगाबाई बहाई नव्हती, त्याच वर्षी गावाहून आली होती आणि मुलुंडला एका खोलीत त्याच्याबरोबर राहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. बारीक चणीची, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर बसून लसूण सोलायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "सबके सामने ना क्यों बोला?"

माझी हिंदी बाजारातली. तरी सांगितलं. मुलगी उपाशी बसली, मला वाटलं माझ्यावर रुसून बसली, म्हणून मी भांडायला गेली. वहाँ गयी तो सब भूखे.

गंगाबाईचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेरा छोरा भी बैठा था. यहीं, मेरे सामने. पानी तक नहीं." आणि लगेच, "मैं भी यही समझी."

"तेरे को भी वही लगा?"

"और क्या लगता? शादी की बात की, और खाना छोड़ दिया!" तिने पदर तोंडावर धरला आणि हसायला लागली. लसणाची सालं सगळीकडे उडाली. मी पण मग आवरलं नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "चलो, अब हाँ बोल ही देते हैं. नहीं तो अगले साल फिर भूखे बैठेंगे दोनों."

"वो तो बैठेंगेच," मी म्हटलं. "उसका शादी से काही संबंध नाही."

"हर साल?"

"हर साल. तू हाँ बोल, नहीं तो ना बोल."

गंगाबाईने हातातली पाकळी सोलून पुरी केली. ताटलीत ठेवली. खिडकीकडे बघून थोडा विचार केला.

"तो फिर हाँ," ती म्हणाली.